औषधांचा जागल्या

पूर्वी आपल्या गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपलं की तो पहारा द्यायचा, चोर दिसला की आरोळी ठोकायचा. औषधांच्या धंद्यातली लबाडी आतून बघून बाहेर सांगणाऱ्यालाही आता जागल्याच म्हणतात. तो नसला तर काय होतं, हे महाराष्ट्राने भोगलं आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना मेंदूची सूज किंवा डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल दिलं. ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे सूज उतरते. उपचार माहितीतला होता. पण या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडं निकामी झाली. १४ जण दगावले.

त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन होतं. तेही दाट, रंगहीन आणि गोडच. याच रसायनात बनवलेल्या औषधाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसं गेली होती. म्हणजे विष नवं नव्हतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. बाटली कितीतरी हातांतून गेली, कुणीच ती अडवली नाही.

याउलट दिनेश ठाकूर. रॅनबॅक्सी कंपनीत २००४ मध्ये त्यांना औषध-चाचण्यांच्या नोंदी तपासायला सांगितलं गेलं. अनेक नोंदी खोट्या निघाल्या. नोकरी सोडून २००५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवलं. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले. एका माणसाची आरोळी ऐकू यायला आठ वर्षं लागली.

इथे वारंगा फाट्यावर बसून बाटलीतलं रसायन मलाही तपासता येत नाही. मी रुग्णाकडे बघू शकतो, आणि रुग्ण मला सांगू शकतो. म्हणून औषधाचं पक्कं बिल घ्या. औषध संपेपर्यंत बाटली, पाकीट टाकू नका. त्यावर बॅच क्रमांक असतो. औषध सुरू केल्यावर लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, लेकरू मलूल पडलं, तर औषध थांबवून बाटलीसकट लगेच दवाखान्यात या. औषधाचा त्रास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही कळवता येतो.

"डॉक्टरसाहेब रागावतील" म्हणून गप्प बसू नका. तुमची शंका हीसुद्धा आरोळीच आहे.