न पेरलेली भाजी : तरोट्याची कुळकथा

मृगाचे दोन-चार पाऊस नीट पडले की पांढुर्णा आणि सौंसरच्या काळ्या रानात कपाशी, तूर अजून मातीखालीच असतात. पेरलेले वर यायच्या आत न पेरलेला तरोटा मात्र वर आलेला असतो. धुऱ्यावर, पांदणीच्या दोन्ही अंगांना, गोठ्यामागे, शाळेच्या कुंपणाला लागून, रेल्वेच्या रुळांशेजारी त्याची दाट, पोपटी रोपे उभी राहतात. आठवडाभरात बायका ओटीत किंवा पदरात कवळे शेंडे खुडताना दिसू लागतात. पुढच्या वीस-पंचवीस दिवसांचीच ही भाजी. एकदा पान जून झाले की तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

हा मुलूख नावाने मध्य प्रदेशाचा, चुलीने विदर्भाचा. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इथे होते, पुढे मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्ये बदलली तरी पावसाळ्यातले ताट बदलले नाही. घरात तरोटा म्हणतात, हिंदी बाजारात त्यालाच चरोटा किंवा चकोडा म्हणतात, तिकडे कोकणात तो टाकळा होतो. झाड एकच.

भाजी साधी, पण हात सांभाळून करायची. फक्त वरचा कवळा शेंडा घ्यायचा, खालची पाने आणि दांडे टाकून द्यायचे. धुऊन, चिरून उकळत्या पाण्यातून काढायची आणि घट्ट पिळायची. पिळताना हिरवट, उग्र वासाचे पाणी निघते ते फेकायचे. कढईत तेल जरा सढळ, त्यात ठेचलेला लसूण, लाल मिरची, कांदा, मग भिजवलेली तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ आणि शेवटी भाजी. डाळ अख्खी राहिली पाहिजे, शिजून गिच्च झाली की चव गेली. सोबत ज्वारीची भाकर. कोकणात हीच भाजी ओल्या खोबऱ्यावर आणि फणसाच्या आठळ्यांवर होते, पण तरोट्याचा मूळचा कडसर तुरटपणा खोबऱ्याने झाकला जातो. लसूण-मिरचीची फोडणी तो झाकत नाही, म्हणून विदर्भाकडची रीत सरस म्हणावी लागते.

उकळून पिळण्याला कारण आहे. तरोट्याच्या अंगात अँथ्राक्विनोन नावाची द्रव्ये असतात. सोनामुखीच्या पानांनी पोट साफ होते ते याच जातीच्या द्रव्यांमुळे, आणि सोनामुखी तरोट्याच्या सख्ख्या कुळातली. जून पान खाल्ले तर पोट ढिले होते. गुरेही ताज्या तरोट्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्याचा वासच त्यांना नको असतो. म्हणूनच चराईच्या पडीत जागी बाकी सगळे खाल्ले जाते आणि तरोटा तेवढा माजतो.

झाड ओळखायला सोपे. एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी, पानाचे टोक बोथट गोल. खालच्या जोड्यांच्या मधे काडीएवढी बारीक पिवळट गाठ दिसते, ती त्याची मधुग्रंथी. संध्याकाळ झाली की पाने जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. श्रावण-भाद्रपदात पानांच्या बगलेत पिवळी, पाच पाकळ्यांची फुले येतात, बहुधा दोन-दोन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधल्या जाम नदीत गोटमार, म्हणजे दोन्ही गावांतली परंपरेची दगडफेक, होते, त्या सुमारास दोन्ही तीरांच्या पडीत जमिनीवर तरोटा ऐन फुलात असतो. भाजीचा हंगाम तोवर सरलेला असतो. आता झाड फुलपाखरांचे. गवती पिवळी आणि भटकी ही फुलपाखरे त्याच्या पानांवर अंडी घालतात. मग बारीक, लांब, कोयत्यासारख्या वाकड्या शेंगा धरतात आणि दिवाळीनंतर वाळून तडकतात.

शास्त्राच्या हिशोबाने तरोटा एका वर्षाचे झाड आहे, पण गावाच्या हिशोबाने तो बारमाही. बियांचे कवच इतके टणक की त्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि दर पावसात थोड्या थोड्या उगवतात. ज्या धुऱ्यावर आजीने तरोटा खुडला त्याच धुऱ्यावर नात खुडते, मधे कोणी काही पेरलेले नसते.

जुन्या ग्रंथांत त्याची ओळख भाजीपेक्षा औषध म्हणून जास्त आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय त्वचारोगांवरच्या लेपांचा. त्यातल्या पहिल्याच योगात आधी आरग्वध म्हणजे बाहवा येतो आणि लगेच एडगज म्हणजे तरोटा. पिवळ्या फुलांची, एकाच कुळातली ही दोन झाडे तिथे शेजारी शेजारी बसली आहेत. भावप्रकाशात त्याला चक्रमर्द, प्रपुन्नाट, दद्रुघ्न अशी नावे आहेत. दद्रु म्हणजे गजकर्ण. तरोट्याचे बी लिंबाच्या रसात उगाळून गजकर्णावर लावण्याची रीत खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे.

युरोपला हे झाड केरळातून कळले. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापून घेतला. त्यात तरोटा 'तगेरा' या मलयाळी नावाने चितारला आहे. या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी ऱ्हेडेला साथ दिली. 1675 सालचे त्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत त्याच ग्रंथात छापले आहे आणि चित्रांवरही नागरीत नावे कोरलेली आहेत. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने झाडाला 'कॅसिया टोरा' म्हटले. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी ते सोनामुखीच्या गटात घातले, 'सेना टोरा' म्हणून. त्यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर 1832 मध्ये छापून आले.

गजकर्णाच्या औषधाची एक वेगळीच वाट याच सुमारास गोव्यातून जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळी पूड मिळे, गजकर्णावर अक्सीर म्हणून. ती होती ब्राझीलमधल्या एका झाडाची, पोर्तुगीज जहाजांतून आलेली. रसायनशास्त्रज्ञांनी तिची तपासणी केली तेव्हा तिच्यातले मुख्य द्रव्य तरोट्याच्या बियांतल्या क्रायसोफॅनॉल या अँथ्राक्विनोनचेच भावंड निघाले. तिच्या जागी 1916 मध्ये जर्मनीत कृत्रिम डिथ्रॅनॉल तयार झाले आणि ते सोरायसिसवर पुढे अनेक दशके वापरले गेले. लेपात तरोटा घालणाऱ्या वैद्यांचा नेम किती अचूक होता याचा इतका धडधडीत पुरावा क्वचितच मिळतो.

पान घराचे, बी मात्र जगाचे. दक्षिणेतले रंगारी निळीच्या हौदात तरोट्याचे बी उकडून घालत आले आहेत. चुन्याबरोबर ते आंबले की नीळ विरघळते आणि सूत तिला धरते. भाजून दळलेले बी कॉफीच्या जागी चालते, याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या वनस्पतिकोशांत आहे. पुराणपुरुष शेन्नोंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चीनच्या प्राचीन औषधिग्रंथात हे बी डोळ्यांसाठी सांगितले आहे. चीन, कोरिया आणि जपानमध्ये त्याचा भाजका चहा आजही पितात. कोरियाला या झाडात इतका रस की 2020 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण जनुकसंच उलगडून 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मांडला आणि अँथ्राक्विनोन घडवण्याची सुरुवात करणारे जनुक शोधून काढले.

मोठा व्यापार मात्र डिंकाचा. बियाच्या आत गवारीसारखा गॅलॅक्टोमॅनन हा चिकट घटक असतो. टरफल आणि अंकुर काढून उरलेला गर दळला की कॅसिया गम होतो. पाण्यात तो दाटपणा आणतो आणि कॅराजीनन या समुद्री शेवाळाच्या अर्काबरोबर घट्ट जेली धरतो, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात तो आधी शिरला. 2010 मध्ये युरोपीय संघाने माणसांच्या खाण्यातही त्याला ई 427 या क्रमांकाने परवानगी दिली. बी गोळा होते ते मध्य भारताच्या पडीत जमिनींवरून, वाळलेली झाडे उपटून, अंगणात झोडपून, सुपाने पाखडून. दळणारे कारखाने प्रामुख्याने गुजरातेत. कष्टाचा पहिला भाग खेड्यातल्या हातांचा आणि मोलाचा मोठा भाग पुढच्यांचा, ही वाटणी न्यायाची नाही.

या बियांत एक भेसळ जिवावर बेतते, ती कासविंद्याची. कासविंदाही पिवळ्या फुलाचा, तशाच जागी उगवणारा, तरोट्याचाच चुलतभाऊ. पण त्याच्या पानांच्या जोड्या चार-पाच, पान टोकदार, आणि शेंग चपटी, सरळ वर उभी. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्यात लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत, यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम निकामी होत. बिजनोरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे टी. जेकब जॉन यांच्या गटाने 2007 मध्ये त्याचे बहुधा कारण म्हणून कासविंद्याच्या बिया दाखवून दिल्या. 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरीत मुले गेली तेव्हाही जपानी मेंदूज्वराच्या जोडीने याच झाडाचे नाव पुढे आले. शेंगा सोलून खेळणाऱ्या पोरांना हा फरक घरातल्या मोठ्यांनी झाडापाशी नेऊन दाखवायला हवा.

तरोट्याची सगळ्यांत नवी कामगिरी गाजरगवताविरुद्धची. पुण्यात 1955 च्या सुमारास नोंदले गेलेले हे परदेशी तण आता देशभर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा उठतो, गुरांना चारा उरत नाही. तण संशोधन संचालनालय जबलपूरला आहे, मध्य प्रदेशातच. तिथल्या शास्त्रज्ञांची शिफारस अशी की गाजरगवताच्या जागी तरोट्याचे बी फेकावे. पहिल्या पावसात तरोटा आधी आणि दाट उगवतो, जमीन झाकतो आणि गाजरगवताच्या रोपांना उजेड मिळू देत नाही. ज्याला तण म्हणून उपटले तेच तणावर सोडायचे, आणि त्यातून भाजीही मिळवायची. पैशाशिवाय होणारे इतके चांगले काम ग्रामपंचायतींनी अजून मनावर घेतलेले नाही, याचे वाईट वाटते.

कायम टिकणारे, खरोखर बारमाही झुडूप हवे असेल तर कुळात तरवड आहे. कोरड्या माळावर वर्षानुवर्षे उभा राहणारा, सोनेरी फुलांचा. त्याच्या सालीने कातडी कमावतात. नगर-सोलापूरकडे नवरात्रातल्या घटाच्या माळेत त्याची फुले ओवतात. तेलंगणात हाच तंगेडु, बतुकम्मा सणाच्या फुलोऱ्यातला आणि त्या राज्याचे राज्यफूल. तरवडाला असा मान मिळाला. तरोट्याच्या फुलाला कोणत्याही पूजेत जागा नाही.

उलट त्याची जागाच आक्रसते आहे. संत्र्याच्या बागांत आणि कपाशीत तणनाशक फवारले जाते, धुरे नांगरात जातात, पांदणीवर डांबर येते. रस्त्याकडेला उगवतो तो धुळीने आणि गाड्यांच्या धुराने माखलेला असतो. फवारणीच्या शेताजवळचा तरोटा भाजीला घेऊ नये, दिसायला कितीही लुसलुशीत असो.

ज्यांच्याकडे परसात हातभर मोकळी जागा आहे त्यांनी तो लावावा, अवघड नाही. दिवाळीनंतर काळपट पडलेल्या शेंगा तडकायच्या आत काढून बी डब्यात ठेवावे. ते चकचकीत, तपकिरी, तिरप्या काटाचे असते. तसेच पेरले तर त्यातले थोडेच उगवते, म्हणून मे महिन्याच्या शेवटी बी खरखरीत दगडावर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावे. फुगलेले तेवढे निवडून बोटाच्या पेराएवढे खोल लावावे. शेण-खताची गरज नाही. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येतात आणि भाजी दोन-तीनदा निघते. कळी दिसली की खुडणे थांबवावे आणि दोन-चार झाडे बियांसाठी राखून बाकीची उपटून मातीत गाडावीत.