पंच म्हणजे पाच?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ऑनसाईट होतो, म्युनिकला. एका संध्याकाळी हापिसातली सगळी गँग ख्रिसमसच्या बाजारात गेली. तापमान शून्याखाली, हातमोज्यांतही बोटं बधिर. टीममधल्या एकाने हातात वाफाळता मग ठेवला. 'किंडरपुन्श', म्हणजे लहान मुलांचा पंच. फळांचा रस, दालचिनी, लवंग, आणि दारू अजिबात नाही. (मोठ्यांचा तो नुसता पुन्श.) पहिला घोट घेतला आणि आजीचा काढा आठवला. हा फक्त गोड होता, एवढाच फरक.

मग अस्मादिकांनी फुशारकी मारली. "पुन्श हा शब्द आमचा बरं का! पंच म्हणजे पाच. पाच वस्तू घालतात म्हणून पंच." सगळे खूश. एकीने विचारलं, "कुठल्या पाच?"

दारू, साखर, लिंबू, पाणी... आणि? 'मसाला' असं ठोकून दिलं आणि विषय बदलला. पण किडा डोक्यात राहिला. पुण्याला परतल्यावर एक अख्खा विकांत त्यात घालवला.

तर मंडळी, ही 'पाच'ची गोष्ट माझ्या पदरची नाही. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईत आला. शिवाजी महाराजांचा काळ. हा गोव्याला गेला, जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो सांगतो की, गोव्याकडच्या दारूपासून या किनाऱ्यावरचे इंग्रज एक पेय बनवतात. त्यात पाच पदार्थ असतात, आणि हिंदुस्थानीत पाचाला जो शब्द आहे तेच त्याचं नाव. झालं! केस क्लोज्ड?

नाही ना. फ्रायरच्या आधीचे पुरावे बघितले आणि घोळ झाला. पंचाचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १६३२ चा आहे. रॉबर्ट ॲडम्स या कंपनीच्या शिपायाने पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो शब्द सहज येऊन जातो. पंच म्हणजे काय हे सांगायची त्याला गरजच वाटत नाही. १६३८ मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत होता. तो 'पालेपुन्ट्स' नावाच्या पेयाची कृती देतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चार! पुढे फ्रेंच डॉक्टर बर्निए बंगालमधल्या 'बुलपाँज'बद्दल लिहितो: गुळाची दारू, लिंबू, पाणी, वरून किसलेलं जायफळ. परत चारच!

भाषावाल्यांचा आक्षेप वेगळाच आहे. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार 'पुंच'च्या जवळ जाणारा होता, मग 'पंच'मधला अ गेला कुठे? काहींच्या मते 'पंचन' या दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला. थोडक्यात, फ्रायरचं म्हणणं खरं असेलही, पण सिद्ध झालेलं नाही. आणि मी ते छातीठोकपणे सांगून आलो होतो.

पण शोधता शोधता एक खजिना हाती लागला. मुंबई सरकारचा १६९४ चा एक हुकूम. खाणावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला एक क्वार्ट (साधारण एक लिटर) चांगली गोव्याची दारू, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागायचा हक्क होता. पंच त्याचा त्याने बनवायचा. वाडग्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल, तर वाडगा खुशाल फोडा. वाडग्याचे पैसे नाहीत, पंचाचेही नाहीत! याला म्हणतात कॉम्प्लायन्स. म्युनिकला मात्र मगसाठी आधी डिपॉझिट घेतात.

इथल्या उकाड्यात, इथल्या माडाच्या दारूवर आणि लिंबावर इंग्रजांनी जमवलेलं हे पेय जहाजातून युरोपात गेलं, आणि तिकडच्या थंडीत चुलीवर चढलं. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी १७३१ मध्ये निघाली आणि तिच्या जहाजांतून पूर्वेकडची अराक तिकडे पोचू लागली. स्वीडिश लोक गुरुवारी वाटाण्याच्या सूपबरोबर गरम पुन्श पितात, त्याचं मूळ या अराकमध्ये. दालचिनी, लवंग, जायफळ तर आपल्याच समुद्राने गेलेले. म्हणजे शब्दाचं काही सांगता येत नाही, पण पेयाचा जन्मदाखला पक्का इकडचा आहे. गंमत म्हणजे आपल्याला मिरवायला हवा असतो तो शब्दच.

असो. या डिसेंबरात गच्चीवर पार्टी केली. पाणी, गूळ, दालचिनी, लवंग उकळून गॅस बंद केला आणि मग लिंबू पिळलं. (दारू घालणाऱ्यांनीही शेवटीच घालावी, अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पातेलं उकळत ठेवलं तर सगळी मजा हवेत.) मोजले, बरोब्बर पाच पदार्थ!

म्युनिकच्या टीमला मेल टाकली: "त्या दिवशी खात्रीने बोललो, ते चुकलं. पंच म्हणजे पाच असेलही, नसेलही." सोबत वाडगा फोडायचा हुकूम. उत्तर लगेच आलं: "मगचं डिपॉझिट परत घेतलं होतंस ना?"