म्हशींनी राखलेलं रान

मुंबईकरांनी वीकेंडला 'गावाकडे' जायचं म्हणजे काय करायचं, हे आता अगदी ठरून गेलंय. पहाटे गाडी काढायची, पनवेल नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवायचे, कर्जत किंवा मुरबाडकडच्या फार्महाउसवर पोचायचं, चुलीवरची भाकरी आणि पिठलं चापायचं, बैलगाडीत बसून फोटो काढायचे आणि रविवारी रात्री पुन्हा त्याच ट्रॅफिकमधून घरी. सोमवारी ऑफिसात आपण शुक्रवारपेक्षा जास्त दमलेले!

आमच्या आईवडिलांच्या पिढीला एवढा खटाटोप करावा लागत नव्हता. ज्यांचं लहानपण गिरगाव-दादरच्या चाळीत गेलं अशा कोणालाही विचारा, शाळेची पहिली सहल कुठे गेली होती? राणीचा बाग, नॅशनल पार्क आणि तिसरं उत्तर हमखास आरे कॉलनी. गोरेगाव स्टेशनला उतरायचं, पूर्वेकडे थोडं आत शिरायचं, की गवताची कुरणं, टेकड्या, तलाव आणि ओळीने उभे असलेले म्हशींचे गोठे. तळ्याकाठच्या बागेला तर लोकांनी 'छोटा काश्मीर' म्हणायला सुरुवात केली. हिंदी सिनेमावाल्यांनाही हा भाग सोयीचा पडला. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'ची (1958) काही दृश्यं इथलीच.

आता प्रश्न असा, की एवढ्या दाटीवाटीच्या शहरात हे गाव शिल्लक राहिलं कसं? आपल्याला वाटतं की बिल्डरांच्या नजरेतून चुकून सुटलं असेल. तसं ते नाही. मुंबईच्या उत्तर भागातलं बरंचसं हिरवं रान टिकलं, कारण शहराला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. पहिल्यांदा पाणी. 1860 साली विहार तलाव पूर्ण झाला, 1879 साली तुळशी. तलावात पाणी स्वच्छ यायला हवं तर भोवतालच्या डोंगरांवर वस्ती नको, म्हणून ते डोंगर राखले गेले. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात हेच पाणलोट क्षेत्र आहे.

आणि त्याच्या शेजारी, दुसऱ्यांदा, दूध.

दुधाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईचं बरंचसं दूध शहरातल्याच तबेल्यांमधून यायचं. म्हशी गुजरात, पंजाबकडून विकत आणायच्या, भर वस्तीत कोंडून ठेवायच्या आणि दूध आटलं की बऱ्याचशा सरळ कसायाकडे. कारण शहरातल्या जागेत भाकड म्हैस पोसणं कोणाला परवडणार? म्हणजे देशातल्या उत्तम दुभत्या म्हशी मुंबईत एका वेतापुरत्या यायच्या आणि संपायच्या. शेणाची घाण, माश्या, रोगराई आणि दुधात पाणी, हे सगळं वर फुकट.

यावर उपाय शोधणारा माणूस म्हणजे दारा खुरोडी, मुंबईचे मिल्क कमिशनर. आज नाव फारसं कोणाला माहीत नाही. पण 1963 साली व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यात तिसरा वाटा खुरोडींचा होता. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्किम मिल्क पावडर मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध करायची युक्ती भारतात रुजवली तीही त्यांनीच. (आपल्या फ्रिजमधल्या पिशवीवर तो शब्द आजही आहे, बघा.)

त्यांची कल्पना तशी सोपी होती. म्हशी शहराबाहेर न्यायच्या, पण मालकांकडून काढून घ्यायच्या नाहीत. सरकारने गोठे बांधायचे, मालकाने लायसन्स घेऊन तिथे म्हशी ठेवायच्या आणि दूध सरकारला विकायचं. 1949 साली आरे दूध वसाहत उभी राहू लागली. 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते डेअरीचं उद्घाटन झालं. तीन हजार एकरांहून जास्त जमीन, 32 गोठे-युनिट आणि सुमारे 16 हजार जनावरं राहतील एवढी सोय. तुलनेसाठी सांगतो, न्यूयॉर्कचं प्रसिद्ध सेंट्रल पार्क 843 एकरांचं आहे.

म्हशींना चारा लागतो, म्हणून पॅरा गवताची शेतं आली. गोठे धुतलेलं शेणामुताचं पाणी त्याच शेतांना जायचं. झाडं लावली, रस्ते केले, टेकडीवर पाहुण्यांना बसून सगळं न्याहाळता यावं म्हणून पॅव्हिलियन बांधलं. नव्या देशाला आपली डेअरी लोकांना दाखवायची होती आणि लोकही डबे घेऊन हौसेने बघायला आले. म्हणजे पिकनिक हा या सिस्टीमचा मूळ उद्देश नव्हताच. आमच्या भाषेत सांगायचं तर तो 'साइड इफेक्ट' होता, फक्त चांगला.

पण मंडळी, या चित्रात एक मोठी गफलत आहे. आरे हे काही मोकळं माळरान नव्हतं. आरे, साई, गुंडगाव, मरोळ-मरोशी ही गावं इथे होती आणि वारली व इतर आदिवासींचे पाडे डेअरीच्या कितीतरी आधीपासून होते. आजही वसाहतीत 27 पाडे मोजले जातात. वाघोबाला पुजणारी, बिबट्याच्या शेजारी राहणारी, भात-भाजी पिकवणारी ही माणसं. त्यांच्या अंगणातून आपल्या सहली गेल्या, पण सहलीच्या फोटोत ती कुठेच नाहीत. आपण बघायला गेलो ते सरकारी 'गाव', आणि खरं गाव मागे झाडीत.

पुढे काय झालं ते दुधाच्या हिशोबानेच झालं. आणंदचं दूध आलं, पिशव्या आल्या, खाजगी ब्रँड आले, आरेच्या बाटलीसाठी लागणारी पहाटेची रांग ओसरली. तबेले राहिले, पण शहराला त्यांची गरज राहिली नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एखादं मॉड्यूल असतं ना, कोणी कॉल करत नाही, पण आहे? नवा मॅनेजर आला की पहिला प्रश्न, 'हे काढून टाकूया का?' आरेचं तेच झालं. थोडी जागा चित्रनगरीला (1977), थोडी राखीव पोलिसांना, थोडी 26/11 नंतर उभारलेल्या 'फोर्स वन'ला. प्रत्येक काम आपापल्या जागी योग्यच होतं, पण जमीन दरवेळी तीच.

शेवटी मेट्रो-3 ची कारशेड. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. सगळा वाद ज्या मुद्द्याशी येऊन थांबत होता तो साधा होता: आरे हे जंगल आहे का? डोळ्यांना दिसणारं जंगल कागदावर डेअरीची जमीन होतं. 2020 मध्ये सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवून आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करायचं जाहीर केलं. 2022 मध्ये सरकार बदललं आणि कारशेड आरेतच परत आली. ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो धावू लागली.

आता गंमत (की पंचाईत?) बघा. आरेत दिवस घालवायचा तर आज सगळ्यात सोयीचा मार्ग हीच मेट्रो आहे. वसाहतीच्या दक्षिण कडेला स्टेशन आहे, नावही 'आरे'च. मेट्रो नको असं मी म्हणणार नाही. रोज लोकलला लोंबकळणाऱ्या कोणीच म्हणू नये. पण शहराने त्या रात्री जे खर्च केलं ते कुठल्याच बजेटमध्ये दिसलं नाही, कारण 'रविवारची मोकळी हवा' असा कॉलमच त्या शीटमध्ये नव्हता. पाण्याचा होता, दुधाचा होता, तोवर रान टिकलं.

म्हणून मला वाटतं, आरेत जाऊन दिवस घालवणं हे आता नुसतं मौजेचं काम नाही. विहारचे डोंगर पाण्याने राखले, आरे म्हशींनी राखलं, यापुढचं राखायला आपला वापर नोंदला जायला हवा. तर या पावसाळ्यात एखादा रविवार कर्जतला सुट्टी द्या आणि आरेत या. प्लास्टिक आणू नका, अंधार पडायच्या आत निघा (बिबट्याचाही वीकेंड असतो) आणि पाड्यावरच्या बायका रस्त्याकडेला रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसल्या तर घासाघीस न करता विकत घ्या. टाकळा, कंटोळी, शेवळं काय मिळेल ते. भाजी करायची कशी तेही त्यांनाच विचारा. फार्महाउसच्या मेन्यूत ती सापडायची नाही.