छाती हलतेय, पण श्वास कोणाचा?

आजचा भाग एका प्रश्नापासून सुरू करतो. काही वर्षांपूर्वी माझे काका अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर म्हणाले, मस्तिष्कस्तंभ मृत झालाय. काकू एकच विचारत होती, "अहो डॉक्टर, छाती तर हलतेय ना त्यांची?" मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधता शोधता मी जवळजवळ दोन हजार वर्षं मागे गेलो.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा वैद्य होता. त्याने जनावरांचा मेरुरज्जू वेगवेगळ्या उंचीवर कापून पाहिला. मानेत अगदी वर काप दिला की श्वास तत्काळ बंद. मानेच्या खालच्या टोकाला दिला, तर छातीचे स्नायू थांबायचे, पण श्वासपटल चालू राहायचं. म्हणजे हुकूम वरून खाली येतो, हे कळलं. पण वर म्हणजे नेमका कुठून?

याचं उत्तर मिळायला 1812 साल उजाडलं. पॅरिसमध्ये लगालवा नावाचा डॉक्टर होता. गिलोटिनचे दिवस लोक अजून विसरले नव्हते. त्याची सुरुवात मात्र एका बाळंतपणातून झाली. आईशी संबंध तुटल्यावर बाळ श्वासाशिवाय किती वेळ जगू शकतं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याने सशांचा मेंदू पुढून मागे थरथर कापत नेला. मोठा मेंदू गेला, श्वास चालू. अनुमस्तिष्क गेलं, तरी चालू. मग मस्तिष्कपुच्छात, व्हेगस चेता जिथून निघतात तिथवर सुरी पोचली आणि श्वास थांबला. डोकं नसलेल्या सशाच्या फुप्फुसात हवा भरत राहिलं, तर धड काही काळ जिवंत राहतं, हेही त्याने दाखवलं. मंडळी, हे वाचताना मी थबकलो. व्हेंटिलेटर दुसरं काय करतो?

एक गोष्ट सांगायलाच हवी. ईथरची भूल 1846 नंतर रुळली. म्हणजे त्या सशांनी हे सगळं शुद्धीवर सोसलं. हे ज्ञान फुकट आलेलं नाही.

पुढे फ्लूराँसने ही जागा आणखी आवळत नेली आणि तिला नाव दिलं, प्राणाची गाठ. पण एकच गाठ सगळं सांभाळते का? 1923 मध्ये लंडनच्या थॉमस लम्सडेनने मांजरांवर काम केलं. पॉन्सच्या वर काप दिला, श्वास जवळपास नेहमीसारखा. पॉन्सच्या मध्यावर दिला आणि व्हेगसही तोडल्या, तर मांजर श्वास आत घेऊन तसंच धरून राहायचं. पॉन्स आणि मस्तिष्कपुच्छ यांच्यामध्ये दिला, तर नुसते आचके. त्याच्याही खाली दिला, की सगळं शांत. म्हणजे ताल खाली जन्मतो आणि वरची केंद्रं त्याला वळण लावतात.

तो ताल धरणारं ठिकाण 1991 मध्ये हाती आलं. जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मस्तिष्कपुच्छाचा पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवला. फुप्फुस नाही, छाती नाही, तरी त्यातल्या पेशी श्वासाच्या लयीत संदेश सोडत होत्या! या जागेचं नाव प्री-बोट्झिंगर. शेजारच्या भागाला फेल्डमनने 1978 च्या एका जर्मन परिषदेत टेबलावरच्या वाइनच्या बाटलीवरून बोट्झिंगर नाव दिलं होतं, त्यावरून हे आलं.

आता परत काकूच्या प्रश्नाकडे. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यू असं मानतो. सुरुवातीला तो ज्या मोजक्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. त्यात एक चाचणी अशी की ऑक्सिजन देत राहायचं, पण यंत्राचे श्वास थांबवायचे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू द्यायचा आणि छातीकडे बघत राहायचं. ती गाठ जिवंत असेल, तर छाती उचलेलच.

काकांची उचलली नाही. हृदय धडधडत होतं, कारण त्याचा ताल त्याच्या स्वतःपाशी असतो. श्वासाचा नसतो. काकू, छाती हलत होती, खरंय. पण तो श्वास यंत्राचा होता, काकांचा नव्हता. हे तेव्हाच सांगता यायला हवं होतं मला.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.