बेंजोवरील गाणी

बेंजोवरील गाणी : लोकप्रिय गीतांचे मिरवणुकीतील शब्दांविना वादन. महाराष्ट्रभर वरातींत ते ऐकू येते. हा ‘बेंजो’ अमेरिकी बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात घडलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज, म्हणजेच बुलबुलतरंग. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातील नखीने तारा छेडायच्या. आवाज कर्ण्यातून घुमतो. गळ्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, इथे साधत नाही, म्हणून वादक तोच स्वर भराभर छेडून लांबवतो आणि ढोल-ताशा लय चढवत नेतो. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, त्याच चित्रपटातले ‘झिंगाट’ वरातीत मोजक्या तारांवर उभे राहते. याला नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. ही गाण्याची नवी घडणच होय.