निरुपद्रवी धुराच्या शोधात

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी लंडनला निघालो, तेव्हा मामाचा फोन आला. "येताना ते व्हेप का काय म्हणतात ते घेऊन ये. विडी सुटत नाही, निदान धूर तरी सुटेल." मामाला सीओपीडी आहे. दोन मजले चढताना तो तीनदा थांबतो. मी 'बघतो' म्हणालो आणि वाचत बसलो.

फुप्फुसाच्या आजारावर धूर ओढायचा, ही कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशातून गेलाय. १८०२ साली मद्रासमधल्या डॉ. जेम्स अँडरसन यांनी जनरल जेंट यांना दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढायला सांगितलं. हा उपाय इथे आधीपासून चालत आला होता. जेंट यांनी तो ब्रिटनला नेला. मग शंभराहून जास्त वर्षं तिकडे धोतऱ्याच्या 'दमा सिगारेटी' औषधाच्या दुकानात मिळत. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तही त्या ओढायचा. त्यात तथ्य होतं. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपिनमुळे आवळलेल्या श्वासनलिका सैल होतात. फक्त औषधासोबत धूरही आत जायचा.

१९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध ठळकपणे समोर आला. लोक घाबरले, तेव्हा कंपन्यांनी फिल्टर आणले. १९५२ साली अमेरिकेत आलेल्या 'केंट' सिगारेटच्या फिल्टरची सुरक्षित म्हणून जाहिरात झाली. त्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं, १९५६ पर्यंत.

न जळणाऱ्या सिगारेटचं पेटंट हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन माणसाला १९६५ मध्ये मिळालं, पण ती बाजारात चालली नाही. आजची ई-सिगारेट आली ती २००३ च्या सुमारास, चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांच्याकडून. तेही अट्टल सिगारेट ओढणारे. द्रव तापवायचा, वाफ ओढायची. तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने ती सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारे तरुण अचानक श्वास कोंडून दवाखान्यात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशयित निकोटिन नव्हतं, तर गांजाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं. त्याच सप्टेंबरात भारताने ई-सिगारेटच्या उत्पादन, आयात आणि विक्रीवर बंदी आणली.

आमच्या धंद्यात कोड आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतात. इथे दरवेळी टेस्टिंग थेट गिऱ्हाइकाच्या फुप्फुसावर झालंय.

मग मामाचं काय? १९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधल्या नोकरदार पुरुषांच्या आठ वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं, की गेलेली श्वसनक्षमता परत येत नाही, पण धूम्रपान सोडलं की घसरण मंदावते. म्हणजे सोडणं हेच मोठं औषध. त्यात व्हेपची मदत होते, हेही खरं. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, पॅच-च्युइंगमवाल्यांपैकी ९.९ टक्के. पण व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. आणि सीओपीडी व्हायला दशकं लागतात, तर हे यंत्रच जेमतेम वीस वर्षांचं. आजारी फुप्फुसात ती वाफ वर्षानुवर्षं गेली तर काय होतं, याचा हिशोब अजून लागायचाय.

लंडनहून मी फोन केला. "मामा, आणता येणार नाही, आयातीवर बंदी आहे. पण खरं सांग, विडी बंद करून हे ओढणार होतास, की जोडीला?"

बराच वेळ नुसती धाप ऐकू आली. "जोडीलाच रे."

परत आल्यावर आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. निकोटिनचं च्युइंगम आणि टायोट्रोपियमचा पंप मिळाला. हे औषध अ‍ॅट्रोपिनच्याच कुळातलं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आमच्या आजीचा धोतरा बरोबर होता?"

"औषध बरोबर होतं मामा. धूर चुकीचा होता."

विड्या बंडलावरून दिवसाला दोनवर आल्यात. त्या दोन अजून आहेत.