राइट क्लिकचा मेन्यू उशिरा उघडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

माझ्या काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. ऐन ॲडमिशनच्या गर्दीत त्यांच्या कंप्युटरला एक विचित्र दुखणं लागलं. कुठल्याही फाइलवर राइट क्लिक केलं की ६ सेकंद नुसतं निळं वर्तुळ फिरायचं, मग मेन्यू यायचा. प्रिंट द्या, नाव बदला, झिप करा, सगळ्याला राइट क्लिक. दिवसाला २०० वेळा धरलं तरी २० मिनिटं त्या वर्तुळाकडे बघण्यात जायची, आणि समोर रांग. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारा. पण त्या मशीनवर लायसन्सवालं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं आणि त्याची सीडी कुठे गेली ते काकांनाही माहीत नव्हतं. मग मला फोन आला.

फॉरमॅट लागलं नाही. अर्ध्या तासात काम झालं. ते कसं केलं ते इथे लिहितोय, विंडोज १० आणि ११ दोन्हींसाठी.

मेन्यू बनतो कसा?

ही यादी आधीपासून तयार नसते. तुम्ही क्लिक केलं की विंडोज एक्सप्लोरर ती तिथल्या तिथे बनवतो. त्यात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिला प्रकार म्हणजे रजिस्ट्रीत लिहून ठेवलेली साधी ओळ: हे नाव दाखव, कोणी दाबलं तर हा प्रोग्रॅम चालू कर. ही वाचायला वेळ लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शेल एक्स्टेन्शन. यात त्या सॉफ्टवेअरची डीएलएल फाइल एक्सप्लोररच्या आतच लोड होते, आणि एक्सप्लोरर तिला विचारतो, ‘या फाइलसाठी तुला मेन्यूत काय टाकायचंय?’ उत्तर येईपर्यंत तो थांबतो. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत सगळे हात आवरून बसतात ना, तसंच. एक जण रेंगाळला की सगळा मेन्यू अडतो. आणि ही डीएलएल क्रॅश झाली तर एक्सप्लोररच पडतो. टास्कबार अचानक गायब होऊन परत येतो तो बऱ्याचदा यामुळे.

म्हणजे मेन्यू लांबलचक असणं आणि मेन्यू हळू असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. साध्या ३० ओळींचा मेन्यू झटकन उघडेल आणि एका रेंगाळणाऱ्या एक्स्टेन्शनमुळे ५ ओळींचा अडकेल. नको त्या ओळी उडवत बसलात तर मेन्यू छान दिसेल, वेग वाढेलच असं नाही.

फोनवर हेच दुखणं अँड्रॉइडच्या शेअर मेन्यूला होतं. शेअर दाबल्यावर सिस्टिम एकेका ॲपला विचारायची, ‘तुझ्याकडून कोणकोणते कॉन्टॅक्ट दाखवू?’ आणि थांबायची. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून ॲप्सनी ही नावं आधीच देऊन ठेवायची नवी सोय आली. विंडोजच्या जुन्या मेन्यूत मात्र आजही क्लिकनंतरच विचारणा होते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. ‘मेन्यू शो डिले’ ही रजिस्ट्रीतली किंमत ४०० वरून ० करा, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ती किंमत म्हणजे माउस नेल्यावर सबमेन्यू उघडण्याआधीचे ४०० मिलिसेकंद. ६ सेकंद खाणाऱ्या एक्स्टेन्शनवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

गुन्हेगार शोधणं

पहिल्यांदा कुठे हळू आहे ते बघा. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवरच अडकत असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मेन्यूवर घ्या. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये वरच्या ‘डेस्कटॉप’ मेन्यूत तो काढायची टिकच दिलेली आहे. फक्त ‘सेंड टू’वर अडकत असेल तर सेंड टूच्या फोल्डरमध्ये बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हचा शॉर्टकट आहे का ते पाहा. काकांकडे रिकाम्या जागेवर मेन्यू झटकन यायचा, फाइलवर अडकायचा. म्हणजे ग्राफिक्स सुटलं.

यानंतर शेलएक्सव्ह्यू. निरसॉफ्टचं हे छोटं, फुकट टूल आहे. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, आणि विंडोज ६४ बिट असेल तर टूलही ६४ बिटचंच घ्या. उघडल्यावर ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टची एक्स्टेन्शन्स लपवा. त्यांना हात लावू नका. उरलेल्यांपैकी ‘टाइप’च्या रकान्यात ‘कॉन्टेक्स्ट मेन्यू’ लिहिलेली तेवढीच आपल्या कामाची. काकांच्या मशीनवर अशी १८ निघाली.

एकेक बंद करत बसू नका. निम्मी निवडा, एफ ७ दाबून बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’वर जाऊन रीस्टार्ट द्या आणि राइट क्लिक करून बघा. वेग आला तर गुन्हेगार बंद केलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत. त्या गटाचे परत दोन भाग. १८ असतील तर ५ फेऱ्यांच्या आत नाव कळतं. शेवटी बाकी सगळी एफ ८ ने चालू करा. बंद केलेलं एक्स्टेन्शन डिलीट होत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं टूल चालत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स वापरा. त्यात ‘एक्सप्लोरर’ टॅबमध्ये टिक काढली की तेच काम होतं.

आमच्याकडे निघालं एका जुन्या प्रिंटरसोबत आलेलं सॉफ्टवेअर. तो प्रिंटर काकांनी दोन वर्षांपूर्वी विकला होता, पण त्याचं एक्स्टेन्शन दर राइट क्लिकला नेटवर्कवर त्याला हाका मारत होतं. उत्तर कुठून येणार? सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, विषय संपला.

आता पसारा

यासाठी बहुतेक वेळा वेगळं टूल लागत नाही. सेव्हन-झिपमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स उघडलं की मेन्यूतल्या प्रत्येक ओळीसमोर टिक असते. मी ‘एक्स्ट्रॅक्ट हिअर’सारख्या दोन-तीनच ठेवतो. विनरारमध्ये हेच सेटिंग्जमधल्या ‘इंटिग्रेशन’ टॅबमध्ये मिळेल. ‘कॅस्केडेड’ची टिक लावली तर सगळ्या ओळी एका सबमेन्यूत जातात.

विंडोज ११ च्या छोट्या मेन्यूत नव्या पद्धतीने बनवलेल्या ॲप्सनाच जागा मिळते, आणि एका ॲपच्या अनेक ओळी असतील तर त्या एकत्र दुमडल्या जातात. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे गेली आहेत. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं तर थेट तोच जुना मेन्यू येतो. रजिस्ट्री बदलून जुना मेन्यू कायमचा आणणारे बरेच जण आहेत. माझ्या मते आधी वरची साफसफाई करा, नाहीतर ‘मोअर’मागे झाकलेला तो उशीर दर क्लिकला समोर येईल.

सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर काही वेळा ते स्वतःला मेन्यूत परत घुसवतं. मेन्यू पुन्हा अडायला लागला तर आधी नुकतं काय अपडेट झालं ते बघा, म्हणजे पाचही फेऱ्या लागणार नाहीत.